परभाषा आणि व्यवसाय : लेखांक सातवा — चिनी डॉक्टर आणि इंग्रजी उतारा

मुंबईच्या वा पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून सनद घेऊन बाहेर पडणारा आपला डॉक्टर आपली सारी विद्या इंग्रजीतूनच शिकलेला असतो, आणि खेड्यातून आलेल्या रुग्णाच्या नातलगांना तीच गोष्ट मराठीत समजावून सांगण्याची वेळ आली म्हणजे त्याची जी तारांबळ उडते ती आपल्या चांगल्या परिचयाची आहे. चीनमध्ये हा प्रकार नेमका उलटा आहे. तेथे शरीररचनाशास्त्रापासून शल्यकर्मापर्यंतचे बहुतेक अध्यापन चिनी भाषेतून होते, केसपेपर चिनीत लिहिले जातात, प्रयोगशाळेचे अहवाल चिनीत येतात. आणि ज्याने वर्षानुवर्षे निर्वेधपणे आपला व्यवसाय चालविला, ज्याच्या हाताखाली नव्या डॉक्टरांची एक पिढी तयार झाली, अशा अनुभवी गृहस्थासमोर ऐन प्रौढ वयात इंग्रजी उतारा येऊन उभा राहत असे तो बढतीच्या वाटेवरची चौकी म्हणून. गेल्या लेखांकात वैमानिकांच्या इंग्रजीचा विचार केला तेव्हा प्रश्न ऐकण्याबोलण्याचा होता. या खेपेस तो केवळ वाचण्याचा आहे, आणि म्हणून वरवर पाहता सोपा वाटतो.

इंग्रजी वैद्यकाशी चीनचा संबंध तसा जुना. पीटर पार्कर या अमेरिकन मिशनरी डॉक्टराने १८३५ साली कँटन शहरात नेत्ररुग्णालय उघडले. बेंजामिन हॉब्सन या इंग्रज डॉक्टराने १८५१ मध्ये शरीरशास्त्रावर चिनी भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे १८५८ मध्ये इंग्रजी-चिनी वैद्यकीय शब्दांचा संग्रहही छापून काढला. रॉकफेलर यांच्या द्रव्यावर उभे राहिलेले पेकिंगचे युनियन मेडिकल कॉलेज, ज्याचा उद्घाटनसमारंभ १९२१ मध्ये झाला, ते तर इंग्रजीतूनच शिकवीत असे. १९४९ नंतर वारे फिरले, सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर रशियन भाषा आली, आणि इंग्रजीला पुन्हा मानाचे पान मिळण्यास आठव्या दशकाची अखेर उजाडावी लागली. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते अवघ्या काही वर्षांत चिनी भाषेत पारंगत होऊन सैनिकांवर उपचार करीत राहिले, आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. परभाषा शिकण्याचा हा उलट दिशेचा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

विसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी सरकारने व्यावसायिकांच्या हुद्द्यांसाठी परभाषेची देशव्यापी परीक्षा सुरू केली. लोक तिला 'हुद्द्याची इंग्रजी' अशाच अर्थाच्या नावाने ओळखत, कारण जपानी, रशियन, जर्मन आदी भाषांची मुभा असली तरी बहुसंख्य उमेदवार इंग्रजीच निवडीत. तिच्या तीन शाखा होत्या : एक विज्ञान-तंत्रज्ञानाची, एक आरोग्याची आणि एक सर्वसाधारण, आणि प्रत्येक शाखेत अ, ब, क अशा तीन इयत्ता. हुद्दा जितका वरचा तितकी इयत्ता चढी, आणि जिल्ह्यातालुक्याच्या छोट्या इस्पितळांतील उमेदवारांना काहीशी सवलत, असा एकंदर शिरस्ता होता. वरच्या इयत्तेला सुमारे ६,००० शब्दांची अपेक्षा असे, मधल्या इयत्तेला ५,००० आणि खालच्या इयत्तेला ४,०००. वेळ दोन तास, प्रश्न ६५, गुण १००. पैकी १५ प्रश्न शब्दार्थाचे. ७ प्रश्न, दिलेले विधान उताऱ्याच्या आधारे खरे, खोटे की अनुल्लिखित हे ठरविण्याचे. ८ परिच्छेदाचा आशय ओळखण्याचे आणि वाक्य पुरे करण्याचे. ५ उताऱ्यातून गाळलेली वाक्ये जागच्या जागी बसविण्याचे. १५ गाळलेल्या शब्दांचे. आणि उरलेले १५ सरळ आकलनाचे, परंतु त्यांतील प्रत्येकास तीन गुण असल्यामुळे शंभरातले ४५ गुण एवढ्या एका विभागात अडकलेले. बोलणे नाही, ऐकणे नाही, निबंध नाही. जे काही होते ते सारे वाचनच.

या परीक्षेची दोन वैशिष्ट्ये मला मोठी मासलेवाईक वाटतात. पहिले असे, की परीक्षागृहात छापील शब्दकोश नेण्यास परवानगी होती. सरकारचा हा उदारपणा पाहून कोणालाही वाटेल की मग शब्दार्थाचे १५ गुण पदरात पडलेच. आणि खरोखरच केवळ या परीक्षेसाठी समानार्थी शब्द हुडकून देणारे कोश बाजारात निघाले व खपले. परंतु ६५ प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे प्रत्येक प्रश्नास दोन मिनिटेही पडत नाहीत, आणि ज्याने पहिल्या अर्ध्या तासात कोशाची पाने उलटली त्याच्या वाट्याला शेवटचा तीन-तीन गुणांचा उतारा घाईत नजर टाकण्यापुरताच उरतो. दुसरे वैशिष्ट्य असे, की दरवर्षी नेमलेल्या पुस्तकातले काही उतारे प्रश्नपत्रिकेत जसेच्या तसे येत. मग व्हायचे तेच झाले : पुस्तक तोंडपाठ करण्याची प्रथा पडली, आणि जो उतारा वाचता येतो की नाही हे पाहायचे तो न वाचताच त्याची उत्तरे लिहिता येऊ लागली. हा दोष चिनी माणसाच्या स्वभावाचा आहे असे मानणाऱ्याने आपल्याकडच्या मार्गदर्शकांची आणि 'अपेक्षित प्रश्नसंचां'ची आठवण ठेवावी.

आता खुद्द भाषेकडे वळू. चिनी वैद्यकीय परिभाषा ही आपल्या संस्कृत समासांसारखी पारदर्शक आहे. दाह या अर्थाचा 'यान' हा एक वर्ण घेतला आणि त्यापूर्वी अवयवाचे नाव जोडले की रोग तयार : 'फेइ' म्हणजे फुफ्फुस, म्हणून 'फेइयान' म्हणजे न्यूमोनिया, 'गान' म्हणजे यकृत, म्हणून 'गानयान' म्हणजे हेपॅटायटिस, 'वेइ' म्हणजे जठर, म्हणून 'वेइयान' म्हणजे गॅस्ट्रायटिस. आपल्या परिभाषाकारांनी यकृतदाह, आंत्रपुच्छदाह हे शब्द घडविले त्याच रीतीने. फरक इतकाच की आपले शब्द कोशात राहिले आणि त्यांचे वॉर्डात वापरले जातात. (कर्करोगवाचक वर्णाचा उच्चारही पूर्वी 'यान' असाच होता, त्यामुळे जठराचा दाह आणि जठराचा कर्करोग कानाला एकच वाटत, विसाव्या शतकात तो उच्चार मुद्दाम बदलून 'आइ' केला गेला. रुग्णाचा जीव भांड्यात पाडणारा असा भाषासुधार क्वचितच झाला असेल.) उलट इंग्रजीत घरगुती नाव एक आणि शास्त्राचे नाव दुसरे : बाजारात लिव्हर, पण वॉर्डात हेपॅटिक, तोंडी किडनी, पण लेखी कधी रीनल तर कधी नेफ्रायटिस, कारण एक लॅटिनची देणगी आणि दुसरी ग्रीकची. चिनी डॉक्टरला ही सारी कुळे स्वतंत्र पाठ करावी लागतात.

तरीही या संज्ञा हे खरे संकट नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. संज्ञा लांबलचक असल्या तरी शिस्तीच्या असतात. शे-दोनशे ग्रीक-लॅटिन धातू व प्रत्यय एकदा अंगवळणी पडले की त्यांतून हजारो शब्द उलगडतात, आणि त्यांमागची वस्तू तर डॉक्टरला आधीच ठाऊक असते. अडतात ते लहान, रोजचे, निरुपद्रवी दिसणारे शब्द. क्ष-किरणचित्राच्या अहवालात हृदय 'अनरिमार्केबल' असल्याचे लिहिले असता कोशाच्या आधाराने चालणाऱ्याला त्यात काहीतरी उणे सुचविले आहे असे वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ सर्व यथास्थित आहे एवढाच. रुग्ण छातीतल्या वेदना 'डिनाय' करतो असे वाचून त्याच्या सत्यनिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही; विचारले असता त्याने नाही म्हटले, इतकेच ते. 'डिस्चार्ज' हा शब्द मराठी घरांतही आता रुळला आहे, पण इस्पितळातून घरी सोडणे आणि जखमेतून स्राव येणे ही दोन्ही कामे तोच करतो, आणि चिनी भाषेत या दोहोंसाठी एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले शब्द आहेत.

याहून सूक्ष्म अडचण क्रियापदाची. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. क्रिया पुरी झाली, अनुभवाला आली, चालू आहे, हे तेथे छोट्या अव्ययांनी आणि काल-आज-उद्या अशा कालवाचक शब्दांनी सुचविले जाते. आता एखाद्या रुग्णाच्या इतिवृत्तात रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनपूर्वी 'हॅज बीन टेकिंग' असेल तर औषध आजही चालू आहे. 'हॅड बीन टेकिंग' असेल तर ते एका विशिष्ट घटनेपर्यंत चालू होते, आणि पुढे काय झाले ते पुढच्या वाक्यात शोधावे लागते. दोहोंत अक्षर एकच बदलले, परंतु उद्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या दृष्टीने तो फरक रक्तस्रावाचा आहे. तीच कथा 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांची : औषधाला 'फ्यू' दुष्परिणाम आहेत म्हणजे जवळजवळ नाहीतच, 'अ फ्यू' आहेत म्हणजे काही आहेत, तेव्हा सांभाळून. ज्या भाषेला उपपदेच नाहीत तिच्या वाचकाची नजर त्या एकाक्षरी 'अ'वरून सहज घसरते. आपल्या मराठीलाही उपपदे नाहीत, म्हणून हा घोटाळा आपण हसून सोडून देऊ नये.

परंतु सर्वांत मोठा अडथळा भाषेचा नाहीच. तो ज्ञानाचा आहे. वर सांगितलेल्या खरे-खोटे-अनुल्लिखित या सात प्रश्नांत तो उघडा पडतो. मासल्यादाखल मीच एक उतारा रचतो. एका शहरात उच्च रक्तदाबाच्या काही वृद्ध रुग्णांना रोज अर्धा तास चालावयास सांगितले, आणि तीन महिन्यांनी त्यांचा रक्तदाब किंचित उतरलेला आढळला, एवढीच हकीकत उताऱ्यात आहे. खाली विधान असे : चालण्यामुळे या रुग्णांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका कमी झाला. सामान्य वाचक उताऱ्यात शोधतो, झटक्याचा शब्दही सापडत नाही, आणि 'अनुल्लिखित' वर खूण करून मोकळा होतो. हृद्रोगतज्ज्ञ मात्र आयुष्यभर हेच रुग्णांना सांगत आला आहे; रक्तदाब, रक्तवाहिन्या, झटका ही कार्यकारणाची साखळी त्याच्या डोक्यात क्षणार्धात जुळते, आणि तो आत्मविश्वासाने 'खरे' लिहून गुण घालवितो. शिकवणीवर्गांतील शिक्षकांना या प्रौढ, मानी विद्यार्थ्याला, साहेब, आपण जे जाणता ते दाराबाहेर ठेवून आत या, असे सांगावे लागणे ही मोठी नाजूक कामगिरी असली पाहिजे. कागदावर जे आहे तेच वाचणे आणि जे नाही ते न वाचणे, ही विद्या ६,००० शब्द पाठ करून येत नाही. किंबहुना ज्याला विषय जितका अधिक येतो त्याला ती तितकी अवघड जाते.

२०१६ च्या अखेरीस हुद्द्यांच्या पद्धतीत सुधारणा करण्याचा मसुदा वरिष्ठ पातळीवर मंजूर झाला आणि २०१७ च्या जानेवारीत तो जाहीर झाला. त्यात परभाषा ही सर्वांना सरसकट लागू होणारी अट राहिली नाही, जेथे खरोखरीच गरज असेल तेथे नेमणूक करणाऱ्या संस्थेने वा मूल्यमापन मंडळाने आपापला निर्णय घ्यावा असे ठरले. ग्रामीण दवाखान्यात ज्यांना आयुष्यात एकही इंग्रजी केसपेपर पाहावा लागणार नव्हता अशांची त्यामुळे सुटका झाली, आणि ते योग्यच झाले. मात्र इंग्रजीची गरज संपली असे नव्हे. वूहानमधील कोविडच्या पहिल्या ४१ रुग्णांची लक्षणे चिनी डॉक्टरांनी जगापुढे मांडली ती २४ जानेवारी २०२० रोजी लॅन्सेट या इंग्रजी नियतकालिकातून.

परदेशी नोकरी धरणाऱ्या अनेक परिचारिका आज जी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट देतात तिची वाचनपरीक्षा मला अधिक शहाणपणाची वाटते. तिच्या पहिल्या भागात एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर, एखादा तक्ता, एखादी सूचना, असे समोर ठेवून १५ मिनिटांत २० प्रश्नांची उत्तरे त्यांतून हुडकावयाची असतात. दुसऱ्यात इस्पितळातली परिपत्रके आणि कार्यपद्धतीचे कागद असतात, आणि दीर्घ उतारे शेवटी येतात. म्हणजे ज्या प्रकारचे कागद पाळीवर असताना हाती पडतात त्याच प्रकारचे येथे वाचावयाचे. जुन्या परीक्षेतील लोकप्रिय विज्ञानाच्या उताऱ्यांत ही सोय नव्हती.

आणि शब्दार्थाच्या त्या १५ प्रश्नांविषयी एक तक्रार नोंदविलीच पाहिजे. वाक्यातील अधोरेखित शब्दाला चारांपैकी सर्वांत जवळचा शब्द निवडा, या पद्धतीने वर्षानुवर्षे सराव केलेल्या माणसाच्या मनात 'रेकमेंड' आणि 'सजेस्ट' हे दोन शब्द एकाच रकान्यात बसलेले असतात, आणि सामान्य व्यवहारात ते तेथे बसले तर बिघडतही नाही. परंतु ग्रेड या पद्धतीने लिहिलेल्या आजच्या उपचार-मार्गदर्शिकांत पहिल्याचा अर्थ आहे जोरकस शिफारस, म्हणजे बहुतेक सर्व रुग्णांना हा उपचार द्यावा. आणि दुसऱ्याचा अर्थ आहे सौम्य शिफारस, म्हणजे रुग्णाची परिस्थिती आणि इच्छा पाहून निरनिराळे निर्णय योग्य ठरू शकतात, तेव्हा त्याच्याशी बोलून ठरवावे. कित्येक मार्गदर्शिकांच्या आरंभीच या दोन शब्दांचा असा अर्थ स्पष्ट करून दिलेला असतो. पण शीर्षक पाहून थेट औषधाच्या मात्रेकडे धावणारा घाईतला वाचक, मग तो बीजिंगचा असो की मिरजेचा, ते पान बहुधा उलटून जातो.