अथेन्सहून पत्र : ७३ गुण टाकून आलेला माणूस



इथे चौकाचौकांत ‘पेरिप्तेरो’ नावाच्या टपऱ्या असतात. दोरीला चिमट्यांनी वर्तमानपत्रं टांगलेली असतात आणि कामावर निघालेली माणसं उभ्या-उभ्या मथळे वाचून पुढे जातात. नुसत्या खेळाला वाहिलेली दैनिकंही त्यांत असतात. फुटबॉलनंतर या देशाचा जीव अडकलाय तो बास्केटबॉलमध्ये. साठीच्या पुढच्या कुणालाही ‘ड्राकोस’ म्हणा, म्हणजे राक्षस. तो लगेच थांबून बोलायला लागतो. हा ड्राकोस म्हणजे पानायोटिस यानाकिस. आज त्याच्याबद्दलच लिहितो.

त्याचं गाव निकिया, पिरेयस बंदराला लागून. १९२२ साली आशिया मायनरमध्ये ग्रीकांचा पराभव झाला, पाठोपाठ तुर्कस्तानाशी लोकसंख्येची अदलाबदल ठरली आणि दहा लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून इकडे आली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभं केलं, तशीच निकिया उभी राहिली. या माणसांनी येताना खेळ आणि संस्थाही आणल्या. पानिओनिओस हा क्लब मुळात तिकडच्या स्मर्ना शहराचा, तो सगळाच्या सगळा अथेन्सला आला. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनी १९२४ मध्ये अथेन्सला एईके आणि १९२६ मध्ये थेसालोनिकीला पीएओके काढला. याच एईकेने १९६८ साली पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकच्या संगमरवरी स्टेडियममध्ये, उघड्या आकाशाखाली, प्राग शहराच्या स्लाविया संघाला हरवून बास्केटबॉलमधला युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला. त्या रात्री तिथे ८० हजार प्रेक्षक होते असं सांगतात.

यानाकिसचा जन्म १९५९चा. तो घडला आयोनिकोस निकियास या वस्तीतल्या क्लबात. क्लबाच्या नावातच मागे राहिलेल्या आयोनिया प्रांताची आठवण आहे. जानेवारी १९८१ मध्ये थेसालोनिकीचा आरिस संघ आयोनिकोसविरुद्ध उतरला. आरिसकडे निकोस गालिस होता, न्यू जर्सीत वाढलेला ग्रीक पोरगा. त्याने ६२ गुण केले. समोरून यानाकिसने एकट्याने ७३ केले आणि आयोनिकोसने सामना ११४-११३ असा जिंकला. तीन गुणांच्या फेकीचा नियम तेव्हा इथे आलेला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्या ७३चं वजन कळतं.

मला या माणसाचं मोठेपण दिसतं ते त्यानंतर. १९८४ मध्ये तो आरिसमध्ये गेला, त्याच गालिसच्या शेजारी. गुण गालिसने करायचे, आणि यानाकिसने चेंडू पुढे आणायचा, समोरच्याच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला अडवायचं, वेळेवर पास द्यायचा. एका रात्रीत ७३ गुण करणाऱ्याने हे मनापासून पत्करणं सोपं नाही. कबड्डीत कोपऱ्यावरच्या गड्याची पकड सगळ्यांना दिसते, साखळीतल्या दुसऱ्या गड्याने रेडरची वाट आधीच बंद केलेली असते ती फार थोड्यांना दिसते. यानाकिस हा तो दुसरा गडी झाला. १९८५ ते १९९१ अशी सलग सात वर्षं आरिस ग्रीसचा विजेता होता. युरोपीय सामने गुरुवारी असायचे, आणि त्या रात्री रस्ते ओस पडायचे.

१४ जून १९८७ला पिरेयसजवळच्या ‘शांतता आणि मैत्री’ स्टेडियममध्ये युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. समोर सोव्हिएत संघ. जादा वेळेत ग्रीस १०३-१०१ने जिंकला. गालिसचे ४० गुण, अखेरच्या क्षणी संघातल्या काम्बुरिसच्या दोन अचूक फ्री थ्रो, आणि कर्णधार यानाकिस. कपिलदेवच्या संघाने १९८३ साली आपल्याकडे जे केलं, तेच या विजयाने इथे केलं. शाळांच्या आवारांत, वस्त्यांच्या मोकळ्या जागांत रिंगा लागल्या. १९९६ मध्ये, कारकिर्दीच्या शेवटाला, पानाथिनाइकोसचा कर्णधार म्हणून त्याने पॅरिसला युरोपचा सर्वोच्च क्लब चषकही उंचावला. ग्रीक क्लबाला तो पहिल्यांदाच मिळत होता.

पुढे तो प्रशिक्षक झाला. २००५ मध्ये बेलग्रेडला त्याच्या ग्रीक संघाने जर्मनीला ७८-६२ने हरवून युरोपचं अजिंक्यपद पुन्हा आणलं. १८ वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जिंकलेलं पदक आता प्रशिक्षक म्हणून. त्यापुढचं वर्ष तर इथला कुणीच विसरत नाही. १ सप्टेंबर २००६, जपानमधलं सैतामा, जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी. अमेरिकेकडे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, कार्मेलो अँथनी. ग्रीसच्या संघात त्या वेळी एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळणारा एकही नाही. ग्रीकांनी एकच साधी चाल पुन्हापुन्हा खेळली : एकाने आडवं उभं राहून बचावपटूची वाट अडवायची, चेंडूवाल्याने त्याच्या कडेने निसटायचं, आणि मोकळ्या गड्याला पास. अमेरिकेला तिच्यावर उत्तर सापडलं नाही. १०१-९५. ग्रीसच्या पापालुकासने बारा वेळा असा पास दिला की त्यावर थेट गुण झाला.

दोनच दिवसांनी स्पेनने याच संघाला अवघ्या ४७ गुणांवर रोखलं आणि ७०-४७ने सुवर्ण नेलं. हेही सांगायला हवं, कारण इथली माणसं अमेरिकेची रात्र सांगताना ही दुसरी रात्र गाळत नाहीत.

अथेन्सच्या ऑलिम्पिक संकुलातल्या मोठ्या बंदिस्त स्टेडियमला २०१६ मध्ये गालिसचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. पण आपल्या मोहोळमध्ये शाळेच्या मैदानावर संघ बांधणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. १९८७च्या त्या सामन्याचं चित्रण मिळवा, पोरांना एकत्र बसवून दाखवा. गालिसचे ४० गुण ती आपसूक मोजतील. चेंडू त्याच्यापर्यंत कुणी पोचवला, ते त्यांना तुम्ही दाखवा.