सतराव्या होलवरचा खड्डा

रविवारी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर सहसा खेळ बंद असतो. गावकरी फेअरवेवरून कुत्री फिरवतात आणि माझ्यासारखा, हातात कधी क्लब न धरलेला माणूसही थेट सतराव्या ग्रीनपर्यंत चालत जातो. संपादकांना अख्ख्या मैदानावर लेख हवा होता. मी त्या ग्रीनपाशीच अडकलो.

इतिहास थोडक्यात उरकतो. या किनाऱ्यावर खेळण्याचा गावाचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. १७६४ मध्ये २२ होल्सची १८ झाली आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. आराखडा कुणा एकाचा नाही. वाळू आणि वारा आधीपासून होतेच. माणसाची डागडुजी नंतरची. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, ११२, आणि चौदा होल्स जोडीजोडीने सात ग्रीन वाटून घेतात. सतराव्याचं ग्रीन मात्र स्वतंत्र आहे.

हे होल ४९५ यार्डांचं, पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित. टीवरून पहिला फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून, न दिसणाऱ्या फेअरवेकडे मारायचा. फार उजवीकडे गेला तर चेंडू हद्दीबाहेर. ग्रीन तिरकं आणि अरुंद. त्याच्या मागे रस्ता, पलीकडे दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर तिथूनच मारायचा, सूट नाही. आणि ग्रीनच्या डाव्या कुशीत रोड बंकर.

खड्डा तसा लहानच. पण भोवतीची जमीन त्याच्याकडे उतरती असल्याने त्याची भूक आकारापेक्षा मोठी आहे. १९७८ च्या ‘ओपन’ या गोल्फ स्पर्धेत जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर आला होता. त्याचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) घरंगळत बंकरात गेला, बाहेर यायला चार फटके लागले आणि होलवर एकूण नऊ लागले. वाचताना हसू येतं. काठावर उभं राहिल्यावर येत नाही. समोरची भिंत जवळजवळ उभी, भाकऱ्यांची चवड रचावी तशी हिरवळीच्या थरांची. हे थर कालांतराने ढासळतात, मग माणसं नवे थर हाताने रचतात.

मला खरी गंमत वाटली ती वाळूची. प्रत्येक सुटकेच्या फटक्याबरोबर मूठभर वाळू उडून काठावर पडते, तिच्यातून गवत वर येतं आणि काठ हळूहळू उंचावतो. म्हणजे अडकलेले खेळाडूच पुढच्यांसाठी भिंत वाढवत असतात! अधूनमधून ती छाटावी लागते, आणि किती छाटायची यावर वाद होतात.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. चेंडू आता फार लांब जातो. २०१० च्या ओपनसाठी सतराव्याची टी सुमारे ४० यार्ड मागे न्यावी लागली, तीही मैदानाच्या हद्दीबाहेर, सरावाच्या जागेत. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे गाव. मैदान ताणायचं तरी किती? २०२२ मध्ये शेवटच्या दिवशी कॅमेरॉन स्मिथने बंकरला वळसा घालणारा पट मारला, पार वाचवला आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. तिथे ताकदीचा काही संबंध नव्हता. अशा फटक्यासाठीच हे होल टिकावं, असं मला वाटतं. चेंडूची झेप कमी करणारा नियम २०२३ मध्ये जाहीर झाला, पण तो २०२८ च्या आधी लागू होणार नव्हता. ओपन सेंट अँड्र्यूजला परतणार ती २०२७ मध्ये. म्हणजे त्या वेळी तरी खेळाडूंच्या हाती जुनाच, लांब पळणारा चेंडू असेल.