रेल्वेच्या मॉडेलमधील इमारती : किट कसे असावे?



यंदाच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आठवी-नववीची मुले रेल्वे स्टेशनचे मॉडेल करीत आहेत. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत साहजिकच प्रश्न निघाला, की स्टेशन, घरे, गोदामे यांचे तयार किट विकत मिळतात, तर ते का मागवू नयेत? खर्चाला मंडळाची ना नव्हती, हे आवर्जून सांगायला हवे. या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देण्यासारखे नाही, म्हणून हा लेख.

किट म्हणजे इमारतीचे सुटे भाग. भिंती, खिडक्या, छप्पर प्लास्टिकचे, पातळ लाकडाचे किंवा जाड कागदाचे कापून दिलेले असतात, ते आपण जोडायचे. या कामात जर्मनीचे नाव मोठे आहे. तेथील ब्लॅक फॉरेस्ट भागातील ग्युटेनबाख गावची फालर कंपनी १९४६ पासून आहे. जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे, म्हणजे खरी वस्तू ८७ मिलिमीटर तर मॉडेल १ मिलिमीटर. त्याला एच-ओ म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. तेथे याच प्रमाणातील गाड्या, सिग्नल, रस्ते, दिवे आणि घरे आहेत. सुट्टीत पुण्याला आजोळी जाणाऱ्या मुलांनी ते अवश्य पाहावे, आणि पाहताना गाडीवरची नजर काढून थोडा वेळ घरांवर ठेवावी.

कारण गाडी सगळेच पाहतात. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी शिंद्यांची चांदीची गाडी प्रसिद्ध आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांनी ती पाहिली असेल. पण त्या गाडीला स्टेशन नाही! टेबलाच्या सजावटीला ते चालते, प्रदर्शनातील मॉडेलला चालत नाही. गाडी कोठली आहे हे इमारतच सांगते.

तयार किटची पहिली अडचण हीच. जर्मन घराचे छप्पर उभ्या उताराचे असते, कारण त्यावरून बर्फ घसरून पडायला हवा. भोपाळमध्ये बर्फ कुठला? आपल्याकडे सपाट गच्ची, तिला कठडा, कठड्यातून पावसाच्या पाण्याचा खाली उतरणारा नळ आणि वर पाण्याची टाकी. जुन्या लहान स्टेशनांवर कौलारू छप्पर, ज्याला इथे आपण सगळे कवेलूच म्हणतो, आणि पुढे खांबांचा व्हरांडा. पाणपोई, फाटकवाल्याची खोली, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचे नाव. महाराष्ट्रात या पाटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही नावे असतात. हे काहीच त्या डब्यात नसते. परदेशी घरावर भोपाळची पाटी लावली, तर ते भोपाळ होत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची. जुन्या दगडी इमारतीची भिंत दीड फूट जाड असली, तर १:८७ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते. किटमधील पत्रा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा असतो. त्यामुळे खिडकी भिंतीत आत बसलेली दिसत नाही, वर चिकटवल्यासारखी दिसते. चांगल्या किटमध्ये खिडकीच्या चौकटी वेगळ्या असाव्यात आणि त्यांच्या मागे भिंतीची जाडी दाखवणारी पट्टी असावी. दारे अर्धी उघडी ठेवता यावीत. मागची बाजू कोरी नसावी, कारण आमच्या प्रदर्शनात मुले चारी बाजूंनी वाकून पाहतात.

दिव्यांचेही तेच. आत दिवा लावला की पातळ प्लास्टिकची भिंत सबंध कंदिलासारखी उजळते. भिंतीला आतून काळा रंग दिला की प्रकाश फक्त खिडकीतून येतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी हिशेब: पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, आपला पुरवठा १२ व्होल्टचा, उरले ९. एक हजार ओहमचा रोध जोडला की ९ मिलिअँपिअर प्रवाह जातो. तेवढा पुरेसा आहे.

मापांचा घोळ मात्र मोठा आहे. एच-ओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ते युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला बरोबर बसतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १९ मिलिमीटरहून थोडा जास्त. तसे रूळ सहज मिळत नाहीत, तेव्हा रुळांबाबत तडजोड करावी. इमारती, फलाट आणि डबे यांचे प्रमाण मात्र एकच ठेवावे. आपला उंच फलाट रुळापासून साधारण ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, मॉडेलमध्ये तो ९ मिलिमीटरच्या आसपास येईल. लांबीचे काय? चोवीस डब्यांच्या गाडीचा फलाट मॉडेलमध्येही सहा मीटरच्या पुढे जातो आणि आपला सभागृहातील टेबल तीन मीटरचा! अशा वेळी सगळी इमारत आक्रसू नये. दार २४ मिलिमीटरचेच ठेवावे आणि कमानी सातच्या जागी चार कराव्यात. डोळा कमानी मोजत नाही, पण बुटके दार लगेच ओळखतो.

आता मूळ प्रश्न. मी मंडळाला असे सुचवले आहे, की रूळ, एक इंजिन, दिवे आणि माणसांच्या लहान आकृत्या विकत घ्याव्यात. इमारती मुलांनी जाड पुठ्ठ्यातून कराव्यात. पुठ्ठ्याला फेव्हिकॉल चालतो, प्लास्टिकला तो धरत नाही, त्यासाठी वेगळे द्रावण लागते आणि त्याचा वास लहान मुलांना बरा नाही.

पैशाखेरीज याला आणखी एक कारण आहे. ज्या इमारतींचे किट कोणीच काढत नाही, त्याच इमारती जात आहेत. हबीबगंजचे जुने स्टेशन आपण सर्वांनी वापरले, त्या जागी नवे उभे राहिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचे नाव राणी कमलापती झाले. सोय वाढली, तक्रार नाही. पण जुन्या इमारतीची मापे आपल्यापैकी कोणाकडे आहेत? ग्वाल्हेर-श्योपुर ही शिंद्यांच्या काळातील सुमारे २०० किलोमीटरची छोटी लाइन २०२० मध्ये बंद झाली. तिचे रूळ दोन फुटांचे, म्हणजे आपल्या प्रमाणात अवघे ७ मिलिमीटर. तिच्या काठची स्टेशने पाहिलेले आजी-आजोबा आपल्या घरांत आहेत. त्यांच्याकडे जुने फोटो असतील, तर ते शाळेत आणून दाखवावेत. फोटोत एखादा माणूस किंवा दार दिसत असेल, तर त्यावरून भिंतीची उंची काढता येते.

मापे घ्यायला जाणाऱ्या गटांसाठी सूचना: बरोबर शिक्षक असल्याशिवाय जाऊ नये, स्टेशन मास्तरांची परवानगी आधी घ्यावी आणि कोणीही रुळांवर उतरू नये. भिंतीची उंची विटांचे थर मोजून काढावी, टेप फक्त दार आणि खिडकीसाठी वापरावा. वहीत प्रत्येक मापापुढे खरे माप आणि ८७ ने भागलेले माप, असे दोन्ही लिहावे.