नाताळची लोकरी आरास

नाताळच्या झाडावर टांगावयाचे काचेचे गोळे जर्मनीतल्या लाउशा गावचे काचकार १९ व्या शतकात फुंकून तयार करू लागले. काचेचा गोळा दिसावयास देखणा खरा. परंतु तो हातून निसटला की संपला. लोकरीच्या गोळ्याचे तसे नाही. तो पडतो, लहान मुलांच्या हाती लागतो आणि तरीही पुढच्या वर्षी पुन्हा झाडावर चढतो. थंडीच्या देशांत विणकाम घरोघर चालते; उरलेल्या लोकरीतून आरास करणे तेथे ओघानेच येते. आर्ने नेरयोर्डेट आणि कार्लोस साक्रिसोन या नॉर्वेतील जोडीने २०१० साली अशा गोळ्यांचे ५५ नमुने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा ही घरगुती कला देशोदेशी पोहोचली.

ज्यांना विणता येत नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. लोकरीचा गोळा सुईदोऱ्यावाचूनही घडतो. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे अतिसूक्ष्म खवले असतात. साबणाच्या कोमट पाण्यात ते उचलले जातात. मग तंतू एकमेकांवर घासले की ते एकाच दिशेने पुढे सरकतात, परस्परांत गुंततात आणि मागे फिरू शकत नाहीत. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर आखडतो तो याचमुळे, आणि काश्मिरातला नमदा तयार होतो तोही याच गुणावर.

म्हणून आधी लोकरीची पारख करावी. बाजारात लोकर म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा लडी अ‍ॅक्रिलिकच्या असतात. धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून बशीवर जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरडली गेली, तर ती खरी लोकर. तुकडा वितळून त्याचा टणक मणी झाला, तर ते अ‍ॅक्रिलिक समजावे.

खऱ्या, पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर उभे-आडवे गुंडाळून संत्र्याएवढा सैल गोळा करावा. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात थोडा साबण विरघळवून त्यात तो भिजवावा आणि लाडू वळताना वळतो तसा दोन्ही तळहातांत फिरवावा. आरंभी दाब अगदी हलका असावा. घाई केल्यास पृष्ठभागावर घड्या पडतात आणि त्या पुढे जात नाहीत. वरची लोकर एकजीव झाल्यावर जोर वाढवावा. गोळा लहान आणि घट्ट होत जाईल. मग तो थंड पाण्यात खळबळून, पिळून, पुरता वाळू द्यावा. त्यावर पांढऱ्या दोऱ्याने तारा भरावा आणि टांगण्यासाठी फास शिवावा.

आखडलेला स्वेटरही टाकून देऊ नये. नीट घट्ट झालेले ते कापड कापले तरी उसवत नाही. त्यातून तारे, घंटा, लहान मोजे सहज निघतात. अ‍ॅक्रिलिक असे घट्ट होत नाही, पण त्याचे गोंडे सुरेख होतात. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांना मधोमध भोके पाडून त्या जोडून धराव्या, भोकातून धागा भरगच्च गुंडाळावा, कडेने कापावा, दोन चकत्यांच्या मधून दोरा घालून घट्ट बांधावा आणि चकत्या काढून टाकाव्या.

सण सरल्यावर ही आरास कोरडी करून बंद डब्यात ठेवावी, नाहीतर खऱ्या लोकरीला कसर लागते. ठेवण्यापूर्वी प्रत्येक गोळ्याच्या तळाशी साल आणि तो करणाऱ्याचे नाव दोऱ्याने टाचून ठेवावे. विकतच्या शोभेच्या वस्तूला फक्त किंमत असते. घरच्या गोळ्याला मात्र कर्ता असतो. आणि मुले मोठी होऊन दूरगावी गेल्यावर आईला डब्यातून प्रथम तोच हवा असतो.