किल्ली कुणाच्या हाती?

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पैशाशी माझा परिचय पगाराच्या तारखेपुरता! तरीही अलीकडे आमच्या स्टाफरूममध्ये संतांच्या अभंगांपेक्षा बिटकॉइनची चर्चा अधिक रंगते आणि तिच्यात हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "सरकारने हे खूळ मोडून काढावे." दुसरा म्हणतो, "पैसा माझ्या घामाचा. तो मी कुठे ठेवतो हे सरकारने का विचारावे?" लक्ष्मीपूजन करणाऱ्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे.

मुळात हे नाणे आहे तरी कसे? 2008 साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी त्याचा आराखडा प्रसिद्ध केला आणि 2009 मध्ये ते चालू झाले. त्याला टांकसाळ नाही की सरकारी मोहोर नाही. जगभरचे संगणक मिळून त्याची खातेवही राखतात. धनावर सत्ता त्याची, ज्याच्यापाशी गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरांची नि अंकांची एक लांबलचक मालिका. ती हरवली की धन गेले. दाद मागायला मॅनेजर नाही! गंमत म्हणजे ही वही सर्वांना उघडी असते. व्यवहार दिसतात, नावे तेवढी दिसत नाहीत. पण नाव एकदा का जुळले, की मागचा सारा हिशेब चव्हाट्यावर येतो.

सरकारने या नाण्याशी कसे वागावे, याचा आपल्याकडचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा हुकूम काढला. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बँकेला अधिकार आहे, पण उपाय प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. मग 2022 च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर 30 टक्के कर बसवला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याचीही सोय ठेवली नाही. मार्च 2023 मध्ये या नाण्यांचे बाजार काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आले. गिऱ्हाइकाची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे त्यांना बंधनकारक झाले.

यात गैर ते काय? संगणक ओलीस धरून खंडणी मागणारे हीच नाणी मागतात. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. अशा वेळी स्वातंत्र्याचा पुरस्कर्ताही पोलिसांचेच दार ठोठावतो.

पण दुसरी बाजूही ऐका. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घड्यांतून बायकांची पुंजी बाहेर पडली. ती काय काळा पैसा होती? भाजीवाल्याशी घासाघीस करून, अडीनडीला असावी म्हणून तिने राखलेली ती शिल्लक होती. लपवलेले सारेच पापाचे नसते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये एकमताने दिला, तो उगाच नव्हे. त्या हक्कालाही मर्यादा आहेत. पण ती घालताना कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय बेताचा हवा.

माझे मत विचाराल तर सरकारने जरूर विचारावे, पण संशयाला कारण असेल तेव्हा आणि कायद्याने आखलेल्या वाटेनेच. गोळा केलेली माहिती कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, हेही नागरिकाला आधी सांगावे. आणखी एक. 2022 साली कर आला, पण बुडालेल्या गिऱ्हाइकाला आधार देणारा स्वतंत्र कायदा काही त्याच्या जोडीने आला नाही. नफ्यात जो वाटेकरी होतो, त्याने चोरी झाल्यावर पाठ फिरवू नये, एवढी अपेक्षा साधा पगारदारही करू शकतो.