श्वास उणा की अडलेला?

चीनमधल्या शांगदांग भागातलं जिनसेंग खरं की खोटं हे कसं ओळखायचं? सू सोंग या चिनी पंडिताने १०६१ साली सिद्ध केलेल्या सचित्र औषधी-ग्रंथात त्याची एक ऐकीव रीत नोंदवून ठेवली आहे. दोन माणसं घ्यायची. एकाच्या तोंडात मुळीचा तुकडा, दुसऱ्याचं तोंड रिकामं. दोघांना तीन ते पाच ली, म्हणजे साधारण दीड ते अडीच किलोमीटर पळवायचं. रिकाम्या तोंडाचा गडी धापा टाकू लागला आणि दुसऱ्याचा श्वास संथ राहिला, तर मुळी अस्सल.

औषधाचा गुण पाहण्यासाठी बिनऔषधाचा माणूस शेजारी उभा करण्याचं हे फार जुनं उदाहरण म्हणून इतिहासकार त्याकडे बोट दाखवतात. आजच्या कसोटीला ते उतरणार नाही; दोन माणसांच्या एका धावेवरून काय ठरणार? पण मुळीची पारख भुकेवर, झोपेवर किंवा तापावर केलेली नाही. ती दमावर केली आहे.

'दम' या शब्दाची गंमत मराठी माणसाला समजावून सांगायला नको. जिना चढताना दम लागतो, संकटात दम धरायचा असतो आणि एखाद्याच्या बोलण्यात दम असतो. श्वास आणि ताकद आपण एकाच शब्दात बांधली आहे. चिनी 'छी' या शब्दाचंही तसंच आहे. हवा, वाफ, श्वास आणि शरीर चालतं ठेवणारी शक्ती, हे सगळं त्यात येतं. त्यामुळे तिथला वैद्य 'छी उणी आहे' म्हणतो, तेव्हा तो श्वासाबद्दल आणि बळाबद्दल एकदमच बोलत असतो.

या वैद्यकात फुप्फुस छीचा कारभार पाहतं, प्लीहा अन्नातून छी तयार करते आणि मूत्रपिंड वरून आलेला श्वास खाली धरून ठेवतं. हे अवयव सोनोग्राफीत दिसणारे अवयव नव्हेत. ती कामांना दिलेली नावं आहेत, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा घोटाळा टळतो. फुप्फुसाची छी उणी झाली की बोलता बोलता आवाज गळतो, चार पावलांत धाप लागते, बसल्या जागी घाम फुटतो, सर्दी पाठ सोडत नाही, जीभ फिकट दिसते आणि नाडी जरा दाबली की बोटाखालून निसटते. मूत्रपिंडाची पकड सुटली तर श्वास बाहेर जातो पुष्कळ, आत येतो तोकडा.

याच्या उलट टोकाला अडलेला श्वास. थंडी शिरली, कफ साचला, वाट बुजली. इथे छी कमी नाही, ती कोंडली आहे. रोगी दोघेही धापाच टाकतात. एकाला आधार हवा, दुसऱ्याची वाट मोकळी करायला हवी. चिनी वैद्यांनी शतकानुशतकं डोकं लावलं ते या निवाड्यावर.

निवाडा चुकला तर काय होतं, हे ली दोंगयुआन या वैद्याने (११८०–१२५१) डोळ्यांनी पाहिलं. १२३२ साली मंगोलांनी कायफंग शहराला वेढा घातला. वेढा उठला आणि माणसं तापाने पटापट मरू लागली. वैद्य बाहेरून आलेल्या थंडीचा ताप समजून घाम काढणारी, रेच देणारी औषधं देत होते. लीचं म्हणणं वेगळं होतं. उपासमार, भीती आणि जागरणं यांनी ही माणसं आतूनच खचली आहेत, त्यांच्यातून आणखी काही काढायचं कशाला? त्याने ह्वांगची या मुळीला पुढे करून जिनसेंग, ज्येष्ठमध अशी पचन सावरणारी, छी वर उचलणारी औषधं योजली. तो काढा आजही चीन-जपानात रोजच्या वापरात आहे. उण्या श्वासाचा इलाज पोटापासून सुरू करायचा, हा धडा त्याने घालून दिला.

सातशे वर्षांनंतर हबेई प्रांतातल्या झांग शीचुनने (१८६०–१९३३) हाच धागा पुढे नेला. हा मोठा मोकळ्या मनाचा वैद्य. चिनी काढ्यांच्या जोडीला अ‍ॅस्पिरिन द्यायलाही तो कचरत नसे. छातीतली 'मोठी छी' खाली घसरलेले रोगी दमेकऱ्यांसारखेच दिसतात आणि चुकीच्या औषधाने हातचे जातात, असं त्याने बजावलं. ओळखायचं कसं? खांद्यांकडे पाहा, तो सांगतो. जोराची धाप लागलेल्या दमेकऱ्याचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जातात. छी घसरलेल्या माणसाचा श्वास कितीही आवाज करो, खांदे उचलले जात नाहीत.

वाट मोकळी करणाऱ्या औषधांत पहिला मान माह्वांगचा. इफेड्रा कुळातलं हे पानं नसल्यासारखं दिसणारं, काड्याकाड्यांचं झुडूप. मुंबईच्या अग्यारींत पारशी धर्मगुरू 'होम' म्हणून ज्या काड्या वापरतात, त्याही इफेड्राच्याच. हान राजवटीच्या अखेरीस झांग झोंगजिंग या वैद्याने माह्वांगचा काढा लिहून ठेवला, त्यातला सावधपणा वाचण्यासारखा आहे. काड्यांची पेरं काढून टाकायची. आधी माह्वांग एकटंच उकळायचं आणि वर येणारा फेस काढून टाकायचा. मग दालचिनीच्या डहाळ्या, भाजलेलं ज्येष्ठमध आणि जर्दाळूच्या बियांतले सत्तर गर घालायचे. काढा घेऊन पांघरूण ओढायचं ते किंचित घाम येईपर्यंतच. आधीच घाम गळणाऱ्या अशक्त माणसाला हा काढा वर्ज्य.

१८८५ साली जपानच्या नागाई नागायोशी यांनी या काड्यांतून इफेड्रिन वेगळं केलं. १९२० च्या दशकात पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात छन के-ह्वेइ आणि कार्ल श्मिट यांनी दाखवून दिलं की त्याचं काम अ‍ॅड्रिनॅलिनसारखं आहे, शिवाय ते तोंडावाटे घेता येतं. दम्यावरची गोळी जगभर पोहोचली. पण औषध निघालं तेव्हा 'कोणाला द्यायचं नाही' ही ताकीद मागेच राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत माह्वांग वजन उतरवायला आणि 'तरतरी'साठी विकलं जाऊ लागलं. हृदयविकार, पक्षाघात यांच्या तक्रारी साचत गेल्या. २००३ मध्ये बेसबॉलपटू स्टीव्ह बेक्लर उष्माघाताने गेला, त्यात इफेड्राचाही हात असल्याचं शवचिकित्सकाने सांगितलं. २००४ मध्ये तिथे इफेड्रायुक्त पूरकांवर बंदी आली.

म्हणून परंपरा निर्दोष ठरते, असं मात्र नाही. खोकला-धापेवर शतकानुशतकं दिलं जाणारं 'मादोउलिंग' हे अ‍ॅरिस्टोलोकिया वेलीचं फळ. त्यातलं आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगाला कारण होतं, हे आता निर्विवाद आहे. २०२० च्या चिनी औषधकोशातून ते वगळलं गेलं. वर्षांनी उमटणारं विष नाडीवरच्या बोटांना कळत नाही. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसन याच कुळातली, हे घरगुती काढे करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. परंपरेची झळ प्राण्यांनाही लागते. मूत्रपिंडाची पकड घट्ट करायला म्हणून टोके जातीच्या मोठ्या पाली वापरतात. त्या बांबूच्या काड्यांवर ताणून वाळवतात, नर-मादीच्या जोडीने विकतात. शेपटीत सगळा गुण मानल्यामुळे ती शाबूत नसेल तर भाव पडतो. या मागणीपायी ईशान्य भारतातूनही त्यांची तस्करी होते. २०१९ पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आहे.

मग या वैद्यकातलं तपासून घेतलेलं काय? सर्वांत भक्कम उत्तर मुळ्यांपेक्षा हालचालीकडे जातं. छांगशाजवळच्या मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्यांचं रेशमी चित्र सापडलं. श्वास आणि अंग एका लयीत हलवण्याची चाल इतकी जुनी आहे. २०१८ मध्ये चीनचे झोंग नानशान आणि ब्रिटनचे मायकेल पोल्की यांच्या गटाने सीओपीडी या दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या १२० चिनी रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना रुग्णालयातला फुप्फुस-पुनर्वसनाचा व्यायाम, निम्म्यांना ताई ची. बारा आठवड्यांनी दोन्ही गट बरोबरीत होते. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी ताई चीवाल्यांचं पारडं किंचित जड होतं. यंत्र लागत नाही, अंगण पुरतं. चुलीच्या धुराने फुप्फुसं गमावलेल्या गावाकडच्या बायका चीनमध्येही आहेत आणि आपल्याकडेही.

चरकसंहितेतल्या हिक्का-श्वास चिकित्सेतही रोगी बलवान की दुर्बल हे आधी पाहायला सांगितलं आहे: पहिल्याचं शोधन, दुसऱ्याचं पोषण. दोन शेजाऱ्यांनी तोच प्रश्न आधी विचारला. आज त्याचं उत्तर देताना स्पायरोमेट्री, हृदयाची इको आणि हिमोग्लोबिन यांना वगळून चालणार नाही, कारण उणा श्वास कधी फुप्फुसाचा असतो, कधी हृदयाचा, कधी नुसत्या रक्तक्षयाचा.

छातीविकाराच्या दवाखान्यात एक चाचणी असते. तीस मीटरचा व्हरांडा, दोन टोकांना खुणा, बाजूला एक खुर्ची. बोटाला ऑक्सिमीटर लावून रुग्णाने सहा मिनिटं चालायचं, किती अंतर कापलं आणि धाप किती लागली ते लिहून घ्यायचं. जिनसेंग नाही, स्पर्धाही नाही. तरी मुळीच्या पारखीसाठी पळवलेल्या त्या दोघांना हा व्हरांडा अगदीच परका वाटला नसता. माणसाचा दम किती उरलाय, हे त्याला दोन पावलं चालवल्याशिवाय आजही कळत नाही.