विलंबाची कैफियत

तारा आणि तारा यांमधला प्रदेश केवळ रिता असावा, ही आपली समजूत निरभ्र रात्री आकाशाकडे पाहिले म्हणजे अधिकच दृढ होते; परंतु त्या काळोखात विद्युत्भारित वायू, म्हणजेच प्लाझ्मा, सर्वत्र पसरलेला आहे, आणि तो इतका विरळ आहे की सूर्याच्या आसपासच्या प्रदेशात चहाच्या पेल्याएवढ्या जागेत सरासरीने चार-पाचच मोकळे इलेक्ट्रॉन सापडावेत. अशा द्रव्याची मोजदाद करावी तरी कशी?

ती स्पंदकांमुळे शक्य झाली. 1967 साली केंब्रिज येथे अँटनी ह्यूइश यांनी उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या कागदी नोंदी तपासताना, जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दर 1.337 सेकंदांनी नेमाने उमटणारे स्पंद आढळले. मुळात ती दुर्बीण सूर्यापासून वाहणाऱ्या प्लाझ्मामुळे रेडिओ स्रोत कसे लुकलुकतात हे पाहण्यासाठीच बांधली होती, हा योग मला विलक्षण वाटतो.

स्पंदक म्हणजे सूर्याहून अधिक वस्तुमान वीसेक किलोमीटर व्यासात सामावलेला, वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याच्या एकाच स्पंदातील निरनिराळ्या कंप्रतेच्या लहरी एकदमच निघतात. परंतु वाटेतील इलेक्ट्रॉन कमी कंप्रतेच्या लहरींना अधिक अडवतात, आणि कंप्रता निम्म्यावर आली की विलंब चौपट होतो. वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघात असलेला स्पंदक सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेतो. त्याच्या 1400 मेगाहर्ट्झच्या लहरी जेव्हा आपल्या दारी येतात, त्यानंतर सुमारे 1.35 सेकंदांनी त्याच स्पंदाच्या 400 मेगाहर्ट्झच्या लहरी येऊन पोहोचतात, आणि तेवढ्या अवकाशात तो तारा आणखी चाळीस वेळा फिरून झालेला असतो. सुमारे साडेसहा हजार वर्षांच्या प्रवासात पडलेले हे अंतर म्हणजे वाटेत भेटलेल्या एकूण इलेक्ट्रॉनांचा चोख जमाखर्चच होय.

या प्लाझ्मातील गाठी-गुठळ्यांमुळे स्पंद लुकलुकतात व त्यांच्यामागे शेपटी लांबते, त्यावरून त्याची खळबळ कळते. आणि लहरींचे ध्रुवीकरण किती वळले हे पाहून, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लक्षांशाइतक्या क्षीण अशा आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्राचाही तपास लागतो.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची दुर्बीण उभी आहे. तिच्या तबकड्या पोलादी तारांच्या जाळीच्या असल्याने वारा त्यांतून आरपार जातो. स्पंदकांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा, शोध घेताना स्पंदांच्या आगमनात सेकंदाच्या कोट्यंशाएवढा फरकही गणावा लागतो, आणि प्लाझ्माचा विलंब तर दिवसागणिक किंचित बदलतो. तो वजा केल्याखेरीज पुढचा हिशेब लागतच नाही. त्यासाठी खोडदला 300 ते 500 आणि 1260 ते 1460 मेगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत एकाच वेळी निरीक्षणे घेतली जातात. जून 2023 मध्ये युरोपीय व भारतीय गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जाहीर केला, त्यात या नोंदी दाखल होत्या.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या, सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. वाचकांनी घरच्या मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे.